हिरवे तुडतुडे: दोन पुरेसे कधी, दहा चालतात कधी

भातावरच्या किडींमध्ये हिरव्या तुडतुड्यांइतका चुकीचा हिशेब दुसऱ्या कुठल्या किडीचा होत असेल असं मला वाटत नाही. एका शेतात चुडामागे (चूड म्हणजे एका जागी लावलेल्या भातरोपांचा झुबका) आठ-दहा तुडतुडे असतात आणि पीक व्यवस्थित भरतं. दुसऱ्या शेतात चुडामागे जेमतेम दोन असतात आणि लावणीनंतर महिन्याभरात जागोजागी पिवळे-नारिंगी, खुरटलेले चूड दिसायला लागतात. कीड तीच, पीक तेच. दुसऱ्या शेताच्या आसपास टुंग्रो या तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या भातरोगाचे विषाणू होते, एवढाच फरक. म्हणून तुडतुड्यांच्या संख्येपेक्षा विषाणू त्यांच्याजवळ किती वेळ टिकतो यावर मी इथे जास्त लिहिणार आहे. पेरणीची तारीख, वाणाची निवड, फवारणी, धसकटांची नांगरणी, हे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

आधी ओळख. पूर्ण वाढलेला तुडतुडा ३ ते ५ मिलिमीटर लांब, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळता, गवती हिरवा. नराच्या पंखांची टोकं काळी असतात आणि बहुतेक नरांच्या दोन्ही पंखांवर मध्यावर एकेक काळा ठिपका असतो. मादीच्या पंखांची टोकं फिकट तपकिरी. हात जवळ नेला की तो तिरका चालत पानाच्या मागच्या बाजूला जातो, आणि फारच त्रास दिला तर उडी मारतो. हे तुडतुडे पानांवर आणि चुडाच्या वरच्या भागात असतात. तपकिरी तुडतुडे पाण्यालगत, बुंध्याशी. त्यामुळे फक्त चूड बाजूला करून बुंधा पाहणाऱ्याच्या नजरेतून हिरवे सुटतात आणि बांधावरून वरवर पाहणाऱ्याच्या नजरेतून तपकिरी. भिंग जवळ असेल तर मागचा पाय पाहावा: हिरव्या तुडतुड्याच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात, तर तपकिरी आणि पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांच्या नडगीच्या टोकाला एक मोठा हलता काटा असतो. पिल्लं लहान असताना रंगावरून गोंधळ होतो, तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

उष्ण कटिबंधातल्या आशियात दोन जाती जास्त दिसतात, नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स आणि नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस. दुसरीच्या डोक्याच्या पुढच्या कडेला काळा पट्टा असतो, पहिलीला नसतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्हायरेसेन्स जवळपास भातावरच जगते आणि टुंग्रो पसरवण्यात सर्वांत तरबेज आहे. निग्रोपिक्टस बांधावरच्या गवतांवरही आनंदाने राहते आणि टुंग्रो वाहून नेण्यात तिच्यापेक्षा बरीच कमी पडते. जाळीत सापडलेल्या तुडतुड्यांत निग्रोपिक्टसच जास्त असतील तर तोच आकडा कमी गंभीर ठरतो.

मादी पर्णकोषाला (पानाच्या खोडाला वेढणाऱ्या भागाला) खाच पाडून आतल्या बाजूला अंडी घालते, साधारण ८ ते १६ अंडी एका ओळीत. आठवडाभरात, म्हणजे ६ ते ९ दिवसांत, ती उबतात. पिल्लं पाच अवस्थांमधून जाऊन अडीच-तीन आठवड्यांत पंखवाली होतात आणि पुढे दोन-तीन आठवडे जगतात. म्हणजे उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्याची. अंडी पानाच्या पेशींत झाकलेली असल्यामुळे फवारणीचा थेंब त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फवारल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बारीक पिल्लं दिसली की औषधच बोगस होतं अशी तक्रार होते. बहुतेक वेळा ती पिल्लं फवारणीच्या दिवशी अंड्यात होती.

आता मुख्य भाग. टुंग्रो हा एका विषाणूचा रोग नाही, दोन विषाणूंचा आहे. एक दंडगोल आकाराचा, त्याचा जनुकसंच डीएनएचा. दुसरा गोल, आरएनएचा. पानं पिवळी-नारिंगी पडणं, चूड खुरटणं, फुटवे कमी होणं ही लक्षणं मुख्यतः दंडगोल विषाणूमुळे येतात. पण तुडतुडा त्याला एकट्याला उचलून दुसऱ्या रोपात नेऊ शकत नाही, त्यासाठी गोल विषाणूची सोबत लागते. गोल विषाणू एकटा मात्र सहज पसरतो आणि एकटा असताना रोपावर फारशी खूण सोडत नाही, जरासं खुजेपण आलं तर आलं. प्रयोगांत हे स्वच्छ दिसतं: तुडतुडा आधी गोल विषाणू असलेल्या रोपावर आणि मग दंडगोल विषाणू असलेल्या रोपावर बसला तर तो दंडगोल विषाणू पुढे नेतो. क्रम उलटा केला तर नाही. शेतातला अर्थ असा, की हिरवंगार, निरोगी दिसणारं शेत गोल विषाणूने भरलेलं असू शकतं आणि त्यात दुसरा विषाणू आला की रोग अचानक उसळल्यासारखा दिसतो.

हे उमगायला बराच काळ गेला. मलेशियात या रोगाला 'पेन्याकित मेराह' म्हणजे लाल रोग म्हणत, इंडोनेशियात 'मेन्तेक', आणि अनेक वर्षं दोष जमिनीतल्या अन्नद्रव्यांना दिला जात होता. तो तुडतुड्यांमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग आहे हे फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात दाखवलं गेलं. १९७१ मध्ये फिलिपिन्समध्ये आणि त्यानंतर लगेच इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीत मोठे उद्रेक झाले. विषाणू एक नसून दोन आहेत हे समजायला मात्र १९७८ उजाडलं.

तुडतुड्याजवळ विषाणू टिकतो किती? रोगट रोपावर पाच ते तीस मिनिटं रस शोषला तरी तो विषाणू घेतो. निरोगी रोपात सोडायला काही मिनिटं पुरतात, मध्ये थांबण्याचा काळ लागत नाही. पण विषाणू त्याच्या मुखांगांच्या आसपासच राहतो, शरीरात वाढत नाही. काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात, तो संपतो. पिल्लाने कात टाकली की लगेच संपतो. अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. पिल्लं आणि पंखवाले दोन्ही रोग पसरवतात, फरक फक्त किती दूर याचा.

या चार-पाच वाक्यांतून जवळपास सगळं व्यवस्थापन निघतं. तुडतुडा विषाणू दीर्घकाळ साठवत नसेल, तर एका हंगामातून दुसऱ्या हंगामात विषाणू नेणारी गोष्ट तुडतुडा नाही, झाड आहे. उभं रोगट भात, कापणीनंतर धसकटांतून आलेला फुटवा, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपं. सलग महिनाभर परिसरात हिरवं भात नसेल तर तुडतुड्यांजवळचा विषाणू आपोआप संपून जातो. आणि विषाणू काही मिनिटांत रोपात जात असेल, तर बाहेरून उडत आलेल्या तुडतुड्याला कीटकनाशक मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. लावलेल्या शेतात फवारणी करून टुंग्रो थांबत नाही याचं कारण हेच. फवारणीने शेतातल्या शेतात होणारा पुढचा प्रसार थोडा मंदावतो, बाहेरून येणारा रोग अडत नाही.

जपान, कोरिया, चीनमध्ये आढळणाऱ्या नेफोटेटिक्स सिंक्टिसेप्स या जातीचं आणि भाताच्या खुजा रोगाच्या विषाणूचं नातं याच्या अगदी उलट आहे. तो विषाणू तुडतुड्याच्या शरीरात वाढतो. रोगट रोपावर बसल्यावर तुडतुडा रोग पसरवण्यालायक व्हायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, पण एकदा झाला की मरेपर्यंत पसरवतो, आणि मादी तो अंड्यांतून पिल्लांना देते. तेइकिची फुकुशी यांनी १९३३ मध्ये हे दाखवलं. वनस्पतींचा विषाणू कीटकाच्या अंड्यातून पुढे जातो याचा तो पहिला पुरावा होता. तिथे थंडीत गवतांवर तग धरून राहणारी पिल्लंच विषाणू पुढच्या हंगामात नेतात, म्हणून तिथे कीड कमी करण्याला जास्त अर्थ आहे. एका देशातला सल्ला दुसऱ्या देशात उचलून लावण्याआधी हा फरक पाहायलाच हवा.

लक्षणं ओळखणं. टुंग्रोत पान टोकाकडून खाली पिवळं ते नारिंगी होत येतं, त्यावर गंजासारखे बारीक ठिपके दिसतात. चूड बुटका राहतो, फुटवे कमी, निसवायला (लोंबी बाहेर पडायला) उशीर. लोंबी लहान, पर्णकोषातून अर्धीच बाहेर, पळींज (पोकळ दाणे) जास्त, दाण्यांवर काळपट डाग. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. वितरण नीट पाहा: सुरुवातीला एखादाच रोगट चूड, त्याच्या शेजारचा हिरवागार, आणि थोड्या दिवसांनी त्याभोवती वाढत जाणारे ठिगळ. नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात आणि पिवळेपणा शेतात बऱ्यापैकी सारखा असतो. जस्ताच्या कमतरतेत लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तपकिरी डाग येतात आणि उपचारानंतर नवी पानं सुधारतात. टुंग्रोत काहीही घातलं तरी चूड सुधारत नाही. पिवळं दिसलं की युरिया टाकायची घाई होते, ती इथे दुप्पट महागात पडते: रोग जात नाही, आणि लुसलुशीत झालेल्या निरोगी चुडांवर तुडतुडे आणखी वाढतात.

शंका असेल तर आयोडीनची चाचणी करता येते. रोगट पानात स्टार्च साचून राहतो, त्यावर ती आधारलेली आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवून त्यात २ ग्रॅम आयोडीन घालावं. हा क्रम पाळावा, कारण नुसत्या पाण्यात आयोडीन नीट विरघळत नाही. पहाटे, ६ वाजायच्या आत, पानाची १० सेंटिमीटरची टोकं कापावीत. कापलेलं टोक द्रावणात १५ मिनिटं बुडवावं, मग पाण्याने धुऊन दाबून पाणी काढावं. गडद निळ्या रेघा उमटल्या तर टुंग्रोचा संशय पक्का होतो. दुपारी घेतलेल्या पानांवर ही चाचणी निरुपयोगी आहे, कारण दिवसभराच्या उन्हात निरोगी पानातही स्टार्च तयार झालेला असतो. शेजारच्या निरोगी चुडाची पानं त्याच वेळी घेऊन तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आयोडीनने हात आणि कपडे डागाळतात, हातमोजे घालावेत. पक्की खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत सीरमची किंवा पीसीआर चाचणी करावी लागते.

मोजणी अशी करतो. सकाळी गारवा असताना, बांधापासून आत जाऊन, शेताच्या कर्णावरून चालत २० चूड निवडावेत. चूड निवडताना पिवळा की हिरवा हे पाहायचं नाही, पावलं मोजून जो येईल तो. आधी न हलवता वरचे तुडतुडे मोजावेत, मग चुडाखाली पांढरं ताट धरून दोन-तीन थापा माराव्यात आणि पडलेली पिल्लं मोजावीत. टुंग्रो नसलेल्या भागात फुटव्यांच्या काळात चुडामागे ५ आणि फुलोऱ्यात १० ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. टुंग्रो असलेल्या भागात चुडामागे २. हातजाळीने मोजायचं तर २५ झोल्यांत (जाळी एकदा पिकावरून फिरवणं म्हणजे एक झोला) ६० तुडतुडे ही पातळी वापरली जाते, पण रोपवाटिका सोडली तर मला चुडांची मोजणी जास्त भरवशाची वाटते. जाळी ओल्या पानांवर नीट चालत नाही आणि प्रत्येकाचा झोला वेगळा असतो.

आता करायचं काय. पहिलं आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे परिसरातली लावणी एकाच काळात, दोन-तीन आठवड्यांच्या आत उरकणं, आणि दोन हंगामांत किमान एक महिना भाताविना जाऊ देणं. एकट्याने केल्यास याचा उपयोग फार कमी, आणि हेच त्यातलं खरं अवघड काम आहे. एखादं शेत उशिरा लावलं की आजूबाजूच्या पिकत आलेल्या भातावरचे सगळे तुडतुडे त्या कोवळ्या रोपांवर उतरतात. उशिरा लावणाऱ्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं, आणि त्याचं शेत पुढच्या हंगामासाठी विषाणूचा साठा होऊन बसतं.

दुसरं, रोपवाटिका. लागण जितक्या लहान वयात तितकं नुकसान मोठं. रोपवाटिकेत लागण झालेलं रोप लक्षणं न दाखवता लावणीत शेतभर विखुरलं जातं. रोपवाटिका उभ्या भातापासून, जुन्या धसकटांपासून आणि रात्री जळणाऱ्या दिव्यांपासून लांब ठेवावी. हे तुडतुडे उजेडाकडे जोरात ओढले जातात आणि दिव्याखालच्या वाफ्यावर रात्रभर पाऊस पडल्यासारखे उतरतात. प्रकाश सापळा लावायचा तो याच कारणाने रोपवाटिकेपासून दूर. शक्य असेल तिथे वाफ्यांवर बारीक विणीची जाळी घालावी, कडा मातीत दाबून. आंतरप्रवाही (रोपाच्या रसात भिनणाऱ्या) औषधाचा खरा उपयोग असेल तर तो इथे, जोखमीच्या भागात, लावणीच्या काही दिवस आधी.

तिसरं, वाण. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात अडकलेल्या असतात: तुडतुड्याला प्रतिकार आणि विषाणूला प्रतिकार. तुडतुड्याला प्रतिकार करणाऱ्या वाणावर कीड अन्नरसवाहिनीतून नीट रस शोषू शकत नाही, जलवाहिनीतून पाण्यासारखा रस ओढत राहते, पिल्लं जगत नाहीत. प्रयोगशाळेत हे तपासायला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेल्या कागदावर तुडतुड्याची विष्ठा पडू देतात. निळे ठिपके आले तर अन्नरस मिळतो आहे. हा प्रतिकार चांगला चालतो, पण काही वर्षं. एकच वाण सगळीकडे, हंगामामागून हंगाम लावला की त्यावर जगू शकणारे तुडतुडे शिल्लक राहून वाढतात. फिलिपिन्समध्ये अनेक वाणांचं असंच झालं. दक्षिण सुलावेसीत १९८० च्या दशकात वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असलेले वाण हंगामागणिक बदलत आणि लावणी एकाच काळात ठेवत टुंग्रो आटोक्यात आणला गेला. मला या विषयातलं हे सर्वांत शिकण्याजोगं उदाहरण वाटतं. विषाणूला प्रतिकार करणारे वाण वेगळे. 'उत्री मेराह' या इंडोनेशियन वाणातून आलेला गोल विषाणूचा प्रतिकार हे त्यातलं ठळक नाव. अशा झाडात दंडगोल विषाणू शिरला तरी सोबतीला गोल विषाणू नसल्यामुळे तिथून तो सहसा पुढे जात नाही. बियाणं घेताना प्रतिकार कीटकाला आहे की विषाणूला हे विचारून घ्यावं.

औषधांबद्दल थोडकंच. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम हेक्टरी साधारण २५ ग्रॅम क्रियाशील घटक, सुमारे ५०० लिटर पाण्यातून, हे सर्वसाधारण प्रमाण. आपल्या भागात त्या औषधाला भातासाठी मान्यता आहे का, आणि कापणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर वाचल्याशिवाय वापरू नये. बुप्रोफेझिन पिल्लांना कात टाकू देत नाही, मित्रकीटकांवर सौम्य आहे, पण पंखवाल्यांना मारत नाही. म्हणून संख्या कमी करायला ते चांगलं, रोग रोखायला नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं भातावर टाळावीत: हिरवे मरतात, सोबत तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे मिरिड ढेकूण मरतात, आणि काही आठवड्यांत तपकिरी तुडतुडे उसळतात. निंबोळी अर्काने तुडतुडे लगेच मरत नाहीत, पण त्यांचं शोषण कमी होतं. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, १०० लिटर करावी आणि थोडं साबणाचं पाणी घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावी. उन्हात तिचा गुण लवकर जातो.

मित्रकीटकांना वेगळं बोलावावं लागत नाही, मारलं नाही की पुरतं. सिर्टोऱ्हायनस हा हिरवट मिरिड ढेकूण पर्णकोषातली अंडी सोंड खुपसून शोषतो, म्हणजे फवारणी जिथे पोचत नाही तिथे पोचतो. गोनॅटोसेरस आणि ॲनॅग्रसच्या सूक्ष्म गांधीलमाशा त्याच अंड्यांत आपली अंडी घालतात. लांडगा कोळी पिल्लं आणि पंखवाले दोन्ही धरतो. ढेकणाला तुडतुड्याचं पिल्लू समजून फवारणीचा निर्णय झाल्याचं वारंवार घडतं. ढेकूण उड्या मारत नाही, सरळ धावतो, आणि त्याच्या मिशा लांब असतात.

शेतात टुंग्रो दिसलाच तर वय पाहावं. लावणीनंतर पहिल्या महिन्यात बहुतेक चूड पिवळे असतील तर ते पीक ओढत नेण्यात अर्थ नाही. नांगरून गाडावं, आणि हंगामात वेळ उरली असेल तरच वेगळ्या वाणाची निरोगी रोपं लावावीत, तीही शेजारचं भात रोगट नसेल तर. तुरळक रोगट चूड उपटून काढण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. मला तो पटत नाही. लक्षण दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे गेलेले असतात, शेजारच्या चुडांत विषाणू आधीच पोचलेला असतो, आणि उपटताना विस्कटलेले तुडतुडे पुढच्या चुडांवर जाऊन बसतात. पोटरीनंतर (लोंबी पर्णकोषात भरण्याच्या अवस्थेनंतर) लागण झाली असेल तर उत्पन्नाला फारसा धक्का नाही, फवारणीचा खर्च वाचवावा. मात्र अशा उशिरा लागण झालेल्या शेतात कापणीपर्यंत काहीच दिसत नाही आणि पिवळेपणा धसकटांच्या फुटव्यात उमटतो. म्हणून कापणीनंतर फुटवा हिरवा व्हायच्या आत नांगरणी करावी, आणि जमीन कोरडी असेल तर सांडलेल्या दाण्यांची रोपं उगवल्यावर पुन्हा एक पाळी द्यावी.